उंदरांची पारध

धुळवडीच्या सकाळी गावाने बांबूच्या बेटांना आग लावली, तेव्हा मी बाजेवर पडून तीन-चार दिवसांच्या लेकीला पाजत होते. आधी धूर आला. मग फटाके फुटावेत तशी बांबूची पेरं फुटू लागली, कुत्री भुंकू लागली आणि त्या सगळ्यावर माणसांचा हाकारा चढला. रानडुक्कर उठवताना देतात तोच हाकारा. पण त्या दिवशी कुणी डुकरामागे नव्हतं. गाव उंदरांच्या पारधीला निघालं होतं.

बाळंतिणीच्या खोलीला एक झरोका होता. त्यातून समोरचा उतार दिसायचा. आग वरून लावली होती आणि खाली पुरुषांनी रिंगण धरलं होतं, हातात सोटे घेऊन. उंदीर आधी एकेक करून बाहेर आले, मग घोळक्याने आले. काहींची शेपटं पेटलेली होती. पहिल्यांदा सगळे हसत होते. कुणाचा सोटा चुकून दुसऱ्याच्या पायावर बसला की शिव्या, मग पुन्हा हसणं. थोड्या वेळाने हसणं थांबलं. मारणं काही थांबलं नाही. सोटे नुसते वर-खाली होत होते आणि आवाज असा येत होता, जसं ओलं धुणं दगडावर आपटतंय.

"बगू नगो तिकडं," सासू म्हणाली. "दूध आटंल."

स्वतः मात्र ती दारात उभी राहून बघत होती. तिचं नाव बायाक्का. गावात आमचं एकच घर बुरुडाचं. टोपल्या, सुपं, कणग्या सगळ्या गावाला आमच्या घरातून जायच्या. भावकी नाही, सोयरा नाही. माझा नवरा दगड-मातीच्या ट्रकवर होता, आठवडाभर गेला की गेला. घरात आम्ही दोघीच, आणि आता ही तिसरी.

त्या वर्षी डोंगरावरचा सगळा बांबू एकदम फुलला होता. बांबूचं असंच असतं. माणसाच्या जन्मात एकदा फुलतो, बी टाकतो आणि उभ्या उभ्या वाळून जातो. जमिनीवर बियांचा थर पडला, तांदूळ सांडल्यासारखा, आणि रानातल्या उंदरांची दिवाळी झाली. खाऊन खाऊन त्यांची पिल्लावळ इतकी वाढली की पाऊल टाकायला भीती वाटावी. मग बी संपलं आणि ते खाली शेतात उतरले. हरभरा गेला, गहू गेला, भाताच्या कणग्यांना भोकं पडली. गाव चिडलं होतं ते काही उगीच नाही.

पण पारधीची कल्पना रंगराव पाटलाची. आमच्याकडे शिमग्याला देवाची पारध करायची चाल होती. डुक्कर मारायचं, देवळासमोर ठेवायचं, मग त्याचा एकेक तुकडा वाटा म्हणून घरोघरी नेऊन दाराच्या चौकटीला टांगायचा. पाडव्यापर्यंत तो तिथेच. त्याने रानाची नजर घराला लागत नाही म्हणे. पुढे जंगलखात्याने पारध बंद केली, गावातल्या माणसांना कोठडीत बसवलं, आणि चाल मोडली. रंगरावाला त्याचं फार लागलं होतं.

"उंदीर माराय कुठलं फॉरेष्ट आडवं येतंय?" तो चावडीवर म्हणाला होता. "रानाचंच जनावर हाय. देवाचा मान बी हुईल आनि शेतं बी वाचतील."

लोक आधी हसले. मग त्यांना ते पटलं. धोंडीबा गुरवाने देवाला कौल लावला, देवानेही उजवा दिला. देवाला तरी काय माहीत होतं.

दुपारी वाजत गाजत मिरवणूक निघाली. पुढे धोंडीबा, मागे रंगराव, त्यामागे टोपल्या घेतलेली पोरं. टोपल्या सासूनेच विणलेल्या, हे मी मुद्दाम सांगते. एकेका दारापुढे थांबायचं, घरच्या बाईने पायावर पाणी घालायचं, टोपलीला कुंकू लावायचं, आणि रंगरावाने एक उंदीर शेपटाला सुतळी बांधून चौकटीला टांगायचा. करता करता ते आमच्या अंगणाच्या तोंडाशी आले.

"थांबा तितंच," सासू म्हणाली. "घरात सुवेर हाय."

"बायाक्का, देवाचा वाटा हाय ह्यो," रंगराव म्हणाला. "दाराला टांगतो आनि जातो. आत कोन येतंय?"

"देवाचा हाय म्हनूनच नगो. बाळंतिणीच्या विटाळात घेतला, आनि उद्या कुनाचं काय झालं, तर तुमीच म्हनशीला, हिनं देव बाटवला."

धोंडीबाने मान हलवली. "खरं हाय तिचं, पाटील. सुवेर फिटस्तवर देवाचं काय बी त्या उंबऱ्याला लावता येत न्हाई."

"समद्या गावाच्या दाराला लागला. ह्ये एकच दार मोकळं ऱ्हायलं."

"ऱ्हाऊ द्या मोकळं. तसं बी आमचं घर गावात धरतासा कुटं तुमी?" इथेच ती थांबली असती तर बरं झालं असतं. पण सकाळपासून ती धुमसत होती. "बेटं कशाला जाळलासा पाटील? उंदीर मारायचं तर सोट्यानं मारायचं हुतं. वाळल्याला बांबू गेला त्येचं काय न्हाई. पर ह्या उंदरांनी बियानं पुरून ठिवलंय जागोजाग, खाऊन उरल्यालं. त्येच्यातनंच नवं रान उठतंय. तुमी बियानं बी जाळलं आनि पुरनारं बी मारलं. आता मी टोपली कशाची विनू? तुमच्या हाडांची?"

"तोंड सांबाळ, म्हातारे."

"माझ्या चुलीत माती घातलीसा. तुमच्या बी घरात इस्तू पडू दे."

सगळ्या गावासमोर म्हणाली, घरात विस्तव पडू दे म्हणून. वाजंत्री थांबली होती, त्यामुळे शेवटच्या माणसालाही ऐकू गेलं. रंगरावाने तिच्याकडे बघितलं, टोपली उचलायला सांगितली आणि ते पुढच्या घराकडे गेले. मी आतून ऐकत होते आणि मला वाटत होतं, बाई, तुझी जीभ एक दिवस आपल्याला महागात पडणार.

पुढच्या आठवड्यात ताप सुरू झाला.

एका घरात नव्हे, एकदम चार घरांत. डोकं फुटेल असं दुखायचं, अंगावर लाल पुरळ, डोळे तांबारलेले, आणि दोन-तीन दिवसांनी माणूस बरळायला लागायचं. अंग इतकं तापायचं की कपाळावरचं ओलं फडकं बघता बघता वाळायचं. लोक म्हणायचे, घरात इस्तू पडलाय. कुणी मुद्दाम म्हणत नव्हतं, पण शब्द तोच होता आणि तो सगळ्यांच्या तोंडी बसला.

मरणाची सुरुवात एका म्हाताऱ्यापासून झाली. मग दोन भाऊ, एकाच घरातले. मग धोंडीबाची बायको. आणि मग रंगरावाची लेक सगुणा तापाने पडली.

सगुणा नऊ-दहा वर्षांची असेल. आमच्या घरी तिचा राबता होता. पाटलाला आवडायचं नाही, तरी यायची. सासू बांबूची पाती विणायला बसली की ही समोर मांडी घालून बसायची आणि हजार गोष्टी विचारायची. सासूने तिला खेळायला बोटाएवढ्या टोपल्या करून दिल्या होत्या. ती आजारी पडल्याचं कळलं तेव्हा सासू हातातलं टाकून गेली. पाटलाच्या अंगणातूनच तिला परत लावलं.

"तिच्या आईनं दार लावलं माझ्या तोंडावर," सासू आल्यावर म्हणाली. "पोर आत आक्का आक्का करत हुती. मला ऐकू आलं."

तिला रडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. दुसऱ्या दिवशी सगुणा गेली.

आमच्या घरी कुणाला साधी शिंक आली नव्हती. मी बाळंतीण, अंगात रक्त नाही, लेक दीड वितीची, सासू साठीची. ताप यायचा तर आधी आम्हाला यायला हवा होता. मला तेव्हा त्याचा आनंदच वाटत होता. लेकीच्या कपाळाला हात लावायचा, गार लागलं की देवाला हात जोडायचे. हीच गोष्ट आमच्या मुळावर येते आहे, हे माझ्या ध्यानात आलं नाही. सासूच्या आलं होतं. तिने त्या दोन दिवसांत मला अंगणात धुणंसुद्धा वाळत घालू दिलं नाही.

देवळात पुन्हा कौल लावला गेला. बायको नुकतीच जाळून आलेला धोंडीबा; त्याच्या सुतकाचं त्या दिवशी कुणी नाव काढलं नाही. त्याने देवाला काय विचारलं आणि देवाने काय सांगितलं, ते त्याचं त्यालाच माहीत. गावाला त्याने एवढंच सांगितलं, "ज्या घरात ताप न्हाई, तितं बगा."

सकाळची वेळ. बाळंतिणीचं पाणी कढत लागतं, म्हणून सासू उजाडताच परसातल्या चुलवणावर मोठा हंडा चढवायची. त्या दिवशीही चढवला होता. पाणी खळखळत होतं. लेकीला टाळूला तेल लावून मी पाळण्यात घातली आणि अंघोळीसाठी केस सोडले, तेवढ्यात अंगणात पावलं वाजली. खूप पावलं. बोलणं मात्र कुणाचंच नाही.

दाराच्या फटीतून बघितलं. दहा-पंधरा पुरुष होते. पुढे रंगराव. हातात तेच पारधीचे सोटे. कुणी धुतलेसुद्धा नव्हते, टोकाला काळं वाळलेलं तसंच होतं.

सासू परसातून पुढे आली. हात पदराला पुसत.

"या पाटील," ती म्हणाली. "बसा."

"उतर ते."

"काय उतरू?"

"करनी उतर. माझी पोर गेली. ती काय आता येत न्हाई. पर घराघरात मानसं पडल्याती. त्येंच्यावरनं उतर."

"पाटील, तुमची पोर माझ्या मांडीवर खेळल्याली. तिच्यावर मी करनी करीन?"

"तू बोललीस. चार मानसांत बोललीस, इस्तू पडू दे म्हनून. बोललीस का न्हाईस?"

"बोलले. पोटावर पाय आल्यावर मानूस बोलतंय. बोलल्यानं कुनी मरत न्हाई."

"मग तुझ्या घरात ताप का न्हाई?" मागून कुणीतरी ओरडलं. "समद्या गावात हाय. तुझ्याच घरात का न्हाई?"

  सासूने एकदा मागे वळून माझ्या दाराकडे बघितलं.

"देवाला म्हाईत," ती म्हणाली.

"देवानंच सांगितलंय," रंगराव म्हणाला आणि त्याने सोटा घातला.

पहिला घाव खांद्यावर बसला. ती पडली नाही, हात वर करून उभी राहिली. दुसरा हातावर, हाड मोडल्याचं मला आतपर्यंत ऐकू आलं. मग सगळे पुढे सरले. कुणी तिचे केस धरले, कुणी लाथ घातली. तिने ओरडून मला एकच सांगितलं, "मालू, कडी लाव." नंतर तिचा आवाज आला नाही. त्यांचाही नाही. सोटे नुसते वर-खाली होत होते, त्या दिवशीच्या उतारावरच्यासारखे. माणसं तीच, हातही तेच. त्यांना आता सवय झाली होती.

मी कडी लावली नाही. परसात गेले, तपेली हंड्यात बुडवली आणि घराला वळसा घालून पुढे आले. ओली बाळंतीण, केस मोकळे, अंगावर नुसतं लुगडं. रंगराव सोटा उचलून उभा होता. मी त्याच्या तोंडावर कढत पाणी फेकलं.

तो जो ओरडला, तसा आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही. दोन्ही हातांनी तोंड धरून तो खाली बसला. माझेही हात पोळले, तेव्हा काही कळलं नाही. उरलेलं पाणी मी बाकीच्यांवर फेकलं आणि भिंतीला लावलेला बांबू चिरायचा कोयता उचलला.

"या," मी म्हणाले. "एकेक या. पयला कोन?"

कुणी आलं नाही. एका म्हातारीला मारायला पंधराजण पुरले होते, एका बाळंतिणीसमोर उभं राहायला एक मिळेना. रंगरावाला दोघांनी बगलेत धरून नेलं. एक सोटा तिथेच पडून राहिला.

सासूला मी ओढत ओसरीवर आणलं. डोक्यातून रक्त जात होतं, मी त्यात हळद भरत होते आणि ते थांबत नव्हतं. बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं, अंगणात पडलेल्या रिकाम्या तपेलीकडे बघितलं.

"समदं पानी सांडलंस," ती म्हणाली. "आता अंगूळ कशानं करशील?"

दुपार कलायच्या आत ती गेली.

संध्याकाळी तालुक्याहून जीप आली. शेजारच्या गावातल्या मास्तरांनी तापाचा निरोप धाडला होता. एक तरुण डॉक्टर, पिंगळे नावाचे, आणि बरोबर दोन माणसं. डॉक्टरांनी पांढरे मोजे पँटवरून गुडघ्यापर्यंत ओढले आणि ते एकेका घरात शिरले. प्रत्येक चौकटीला सुकलेला उंदीर लोंबत होता. ते त्याच्याकडे बघायचे, आत जायचे, जमिनीवरून फिरून बाहेर यायचे आणि उजेडात पाय पुढे करायचे. पांढऱ्या मोज्यावर काळे ठिपके असायचे. ते ठिपके उड्या मारायचे.

आमच्या घरी ते शेवटी आले. बरोबर पाटलाचा चुलत भाऊ होता. "ह्यी बी तापानंच गेली, सायेब," तो म्हणाला. "तापात बरळत हुती, उंबऱ्यावर पडली."

डॉक्टरांनी चादर बाजूला केली. डोकं बघितलं, हात बघितला. चादर पुन्हा घातली. मग त्या माणसाला बाहेर थांबायला सांगून ते घरात फिरून आले. मोजे स्वच्छ होते.

"घरात ताप कुणाला आला?"

"कुनाला न्हाई," मी म्हणाले.

"दाराला उंदीर नाही तुमच्या."

"सुवेर हुतं. घेतला न्हाई."

ते पायरीवर बसले.  मग त्यांनी मला सांगितलं, हळूहळू, शाळेतल्या पोराला सांगावं तसं. हा ताप रानातल्या उंदरांमध्ये असतोच, म्हणाले. उंदीर त्याने मरत नाहीत. त्यांच्या अंगावरच्या पिसवा तो इकडून तिकडे नेतात, आणि रानातलं रानातच राहतं. उंदीर जिवंत आहे, अंग गरम आहे, तोवर पिसू त्याला सोडत नाही. तो मेला, गार पडला, की ती दुसरं गरम अंग शोधते.

"चौकटीखाली कोण झोपतं?" त्यांनी विचारलं.

"पोरं," मी म्हणाले. "उन्हाळ्यात वारं लागतं म्हनून दारातच हातरून टाकत्यात."

त्या तापाचं नाव त्यांनी सांगितलं होतं, मला आता आठवत नाही. गोळ्या होत्या त्यावर. दिल्या तशी माणसं उठून बसली. चार दिवस आधी आल्या असत्या तर सगुणा वाचली असती, आणि ती वाचली असती तर माझी सासूही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी हेच सगळ्या गावाला देवळात बसवून सांगितलं. मी गेले. अजून बाहेर पडायचे दिवस नव्हते माझे, तरी गेले. रंगराव खांबाला टेकून बसला होता, तोंडावर केळीचं पान बांधून. डॉक्टरांचं बोलणं संपलं तेव्हा कुणीही त्याच्याकडे बघत नव्हतं. सगुणा दारात झोपायची. तिच्या डोक्यावरचा उंदीर त्यानेच स्वतःच्या हाताने टांगला होता, इतरांच्यापेक्षा मोठा, पाटलाच्या घराला शोभेसा. पान सरकवून तो रडायला लागला. मला काय वाटलं ते सांगते. मला बरं वाटलं. पोरीसाठी जीव तुटत होता, आजही तुटतो. त्याच्यासाठी नाही.

पोलीस आले. मी सगळं सांगितलं, नावं घेऊन. पण मी एकटीच सांगणारी. धोंडीबा म्हणाला, मी देवळात होतो. बाकीचे म्हणाले, शेतात होतो. डॉक्टरांनी जखमा लिहून दिल्या, पुढे त्यांची बदली झाली, खटला चालला तेवढा चालला आणि सगळे घरी आले. नवरा म्हणाला, आपण गाव सोडू. मी म्हणाले, तुम्हाला जायचं तर जा. त्यांना माझं तोंड रोज दिसलं पाहिजे.

त्यानंतर गावात पारध झाली नाही. तिच्याऐवजी धुळवडीला देवळासमोर नारळ फोडतात, त्या वर्षी तापात गेलेल्यांच्या नावाने. गुरव एकेक नाव घेतो, लोक हात जोडतात. पहिल्याच वर्षी मी ऐकायला उभी होते. म्हाताऱ्याचं नाव घेतलं, दोन्ही भावांचं, धोंडीबाच्या बायकोचं, सगुणाचं. आणि मग धोंडीबा म्हणाला, "बायाक्का बुरूड." तापात गेलेल्या माणसांत. सगळ्यांनी हात जोडले. तिला मारणाऱ्यांनीसुद्धा.

मी मोठ्याने म्हणाले, "तिला ताप नव्हता."

धोंडीबाने नारळ फोडला. पुढच्या वर्षी मी पुन्हा म्हणाले. त्याच्या पुढच्या वर्षीही. दरवर्षी. रंगराव होता तोवर तो खाली मान घालून ऐकायचा. मग तो गेला, धोंडीबा गेला, त्याचा मुलगा नावं घ्यायला लागला. आता गर्दीत निम्मी पोरं अशी असतात, ज्यांना त्यातलं काही ठाऊक नाही.

गेल्या धुळवडीला माझे गुडघे धरले होते, देवळात पोचायला उशीर झाला. वाटलं, आटोपलं असेल. चढ चढून गेले तर सगळं गाव हात जोडून उभं, चिडीचूप. गुरवाच्या पोराने सासूचं नाव घेतलं होतं आणि तो तिथेच थांबला होता. फोडायचा नारळ हातात तसाच. मला बघून त्याने बाकीच्यांना वाट द्यायला लावली.

"या म्हातारे," तो म्हणाला. "तुमचं म्हनायचं ऱ्हायलंय. त्येच्याबिगर नारळ कसा फोडू?"

लोक माझ्याकडे बघत होते. कुणाच्या तोंडावर राग नव्हता, लाज नव्हती. गुरव मंत्र म्हणेपर्यंत थांबावं तसे थांबले होते.

"तिला ताप नव्हता," मी म्हणाले.

सगळ्यांनी मान लववली, आणि त्याने नारळ फोडला.